मुलगी दिली आहे, सांभाळा

कोम्बुचाकर प्रत्येक सोसायटीत एक असतोच, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवायला नको. कोथरूडच्या एका सोसायटीतले कोम्बुचाकर भोसरीच्या कारखान्यातून क्वालिटी कंट्रोलचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले, एवढं सांगितलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता फक्त कुरियरवाल्याला लागतं.

लिफ्टमध्ये ते भेटले की पहिला प्रश्न ठरलेला. "काय, कशी आहे आमची?"

"मजेत."

"अंग धरलं का?"

"धरलं की."

"रंग?"

"उजळ आहे."

"डाग वगैरे नाहीत ना? असले तर कोणत्या रंगाचे?"

तेवढ्यात मजला येतो आणि समोरचा सुटतो. हा संवाद ऐकून नवीन भाडेकरूंचा असा समज होतो, की या गृहस्थांना पाच-पंचवीस मुली आहेत आणि सगळ्या याच इमारतीत दिल्या आहेत. समज तसा चुकीचा नाही.

मुली म्हणजे स्कोबी. गोड चहात वाढणारी, तो आंबवून त्याचा कोम्बुचा करणारी जिवाणू आणि यीस्ट यांची संयुक्त वसाहत, आणि तिच्यावर धरणारा तो पांढरट, बुळबुळीत, ओल्या घावनासारखा थर. यीस्ट साखर फोडतं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. त्यांच्यातला कोमागाटाइबॅक्टर झायलिनस नावाचा एक जण हे सगळं चालू असताना वर सेल्युलोजचं कापड विणत बसतो. फिलिपिन्समध्ये नारळपाण्यावर जो नाटा दे कोको करतात, तोही याच जिवाणूचा उद्योग. हे सारं कोम्बुचाकर न विचारता सांगतात. विचारलं तर आकृती काढून सांगतात.

आता अडचण अशी, की दर खेपेला बरणीच्या तोंडाशी नवा थर धरतो. म्हणजे दर आठ-दहा दिवसांनी घरात एक मुलगी. जुन्या थराला आई आणि नव्याला मुलगी जगभर म्हणतात, पण जग तिथे थांबतं. कोम्बुचाकर स्थळं बघू लागले.

आधी ते घर बघायला येतात. ओट्यावर ऊन किती वाजता येतं, लोणच्याच्या बरण्या किती अंतरावर, फळांवर चिलटं बसतात का, हे बघून होतं. मग मुलाखत. बरणी काचेची आहे का? तोंडाला बांधायला मलमल किती पदरी? चहा कोणता? वेलची घातलेला मसाला चहा म्हणालात तर स्थळ तिथेच मोडतं, कारण मसाल्यातल्या तेलांनी तिची प्रकृती बिघडते. पसंती झालीच तर प्रमाण हाती लिहून मिळतं. एक लिटर पाणी, ८० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम चहा, १०० मिली जुना कोम्बुचा. "साखर थोडी कमी केली तर?" असं एका गृहिणीने विचारलं होतं. "साखर तुमच्यासाठी नाही," कोम्बुचाकर म्हणाले, "तिच्यासाठी आहे."

पाठवणीच्या वेळी बरणीत मुलीबरोबर तो १०० मिली जुना आंबट द्रव असतो. त्याला ते स्त्रीधन म्हणतात आणि तो टाकून द्यायचा नाही असं दोनदा बजावतात. यात थट्टा अजिबात नाही. नवा चहा सुरुवातीला पुरेसा आंबट नसतो आणि त्या दिवसांत बुरशीला रान मोकळं असतं. जुना आंबट द्रव पीएच साडेचारच्या खाली ओढतो, म्हणून मुलगी तग धरते. स्त्रीधन सासरच्यांनी ओतून टाकलं की आठवड्यात हिरवी लव आलीच समजा. हे सगळं झाल्यावर ते बरणी दोन्ही हातांनी पुढे करतात आणि घसा खाकरून म्हणतात, "मुलगी दिली आहे, सांभाळा."

सी विंगमधल्या एका उत्साही जोडप्याने तिला तांब्याच्या हंड्यात ठेवलं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं, मग कोम्बुचा तर दुप्पट चांगला होईल, असा हिशेब. पितळेत ठेवलेलं ताक कळकतं हे त्यांच्या आजीने सांगितलं असतं, पण आजी लातूरला. आम्ल तांब्याला खातं आणि ते तांबं पोटात जातं. कोम्बुचाकरांना कळलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. ते तसेच लेंग्यावर गेले आणि मुलीला माहेरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी चार जणांना सांगत होते, "सासरी छळ होता हो." तिथेच सिडनीची हकिगतही झाली. तिथल्या एका जोडप्याने चिनीमातीच्या भांड्यात कोम्बुचा मुरवला, भांड्याच्या झिलईतलं शिसं आम्लाने उतरलं आणि दोघांना शिशाची विषबाधा झाली. हे १९९८ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं आहे. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी हातात धरून सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग स्टीलचं?"

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र मुलींनी एकदाच तोंड काळं केलं. मे महिना होता. पुण्याच्या उन्हात दहा दिवसांचं काम सहा दिवसांत होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी त्यात हापूसचा रस घातला, घट्ट बुचाच्या बाटल्या भरल्या आणि दुपारी झोपले. रसाची साखर यीस्टला मिळाली. बाटलीतला वायू दिवसातून एकदा सोडायचा असतो, तो राहिला. त्यात एक बाटली चौकोनी, शोभेची, दाब सोसायला न केलेली. साडेतीनला स्वयंपाकघरात जो आवाज झाला, त्याने वॉचमन वर आला. छतावर आंबा होता. वहिनींनी खुर्चीवर चढून तो पुसला नाही, कोम्बुचाकरांकडून पुसून घेतला, आणि तेवढा वेळ खाली उभं राहून साधा, आलं घातलेला, दुधाचा चहा प्यायला.

वहिनी कोम्बुचा पीत नाहीत. पण वाचतात. पाहुण्याच्या हातात पेला गेला, की त्यांना नेमकं १९९५ आठवतं. अमेरिकेत आयोवा राज्यात कोम्बुचा पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, एक दगावली. संबंध सिद्ध झाला नाही, हेही त्या सांगतात, पण पाहुण्याने पहिला घोट घेतल्यावर. कोम्बुचाकरांकडे याला उतारा म्हणून जॉर्जटाऊन आहे. २०२३ साली वॉशिंग्टनच्या त्या विद्यापीठातल्या संशोधकांनी मधुमेहींना चार आठवडे रोज २४० मिली कोम्बुचा दिला आणि उपाशीपोटीची साखर सरासरी १६४ वरून ११६ वर आली.

"किती मधुमेही?" वहिनी आतून विचारतात.

"चार आठवडे, हं, रोज!"

"किती?"

"बारा," कोम्बुचाकर हळूच म्हणतात.

त्यांचा इतिहास मात्र जरा सैल आहे. चीनच्या छिन राजवटीतलं अमृत, कोरियाहून जपानच्या सम्राटाकडे आलेला वैद्य, अशा गोष्टी ते सांगतात, आणि त्यांना भक्कम पुरावा नाही. क्वालिटी कंट्रोलच्या माणसाने इथे रिजेक्टचा शिक्का मारायला हवा होता. पक्कं आहे ते रशियाचं. सोव्हिएत काळात घरोघरी खिडकीत तीन लिटरची बरणी, तोंडाला कापड आणि आत ही. अंतराळाचंही पक्कं आहे. युरोपच्या अवकाश संस्थेने २०१४ साली एका प्रयोगासाठी कोम्बुचाची वसाहत आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरच्या बाजूला नेऊन ठेवली. ही बातमी वाचून कोम्बुचाकर दोन दिवस हवेत होते. "आमच्यातली एक तिकडे दिली," असं त्यांनी बँकेतल्या कॅशियरलाही सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मुलगी घेतली ती निव्वळ भिडेखातर. काकू माळकरी. तिसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, "हिच्यात दारू असते म्हणे?" खोटं बोलणं कोम्बुचाकरांना जमत नाही. म्हणाले, असते. साधारण अर्धा टक्का, कधी कमी, घट्ट बुचात मुरवलं तर जास्त. अमेरिकेत २०१० साली याच कारणाने दुकानांतून बाटल्या मागे घेतल्या होत्या, तिथे बिनदारूच्या पेयाची हद्द अर्ध्या टक्क्यावर संपते. "पण काकू, पिकलेल्या केळ्यातही थोडी असते." काकूंनी त्यानंतर एकादशीला केळं खाणं सोडलं, आणि मुलगी त्याच संध्याकाळी जास्वंदीच्या कुंडीत गेली.

तशा बहुतेक सगळ्या कुठे ना कुठे गेल्याच आहेत. कुणाची कंपोस्टच्या डब्यात, कुणाची सिंकमध्ये, एकाची गावाला जाताना ट्रेनमध्ये राहिली. पण कोम्बुचाकरांना हे सांगायचं कुणी? पाणीकपात, पार्किंग आणि गणपतीची वर्गणी यांवर ज्या सोसायटीत दोन माणसांचं एकमत झालेलं नाही, ती या एका खोटेपणात अभेद्य आहे. लहान मुलांनासुद्धा पढवलेलं असतं. "आमची कशी आहे रे?" "मजेत, काका!" आणि सायकल पुढे.

त्यांना काहीच कळत नसेल, असं मानणारा माणूस क्वालिटी कंट्रोलमध्ये कधी वावरलेला नाही. त्यांची एक वही आहे, कारखान्यातल्या लॉगबुकसारखी आखलेली. तारीख, फ्लॅट नंबर, पीएच, आणि शेवटून दुसरा रकाना 'नाती'. दहा दिवसांत नवा थर येतो, म्हणजे वर्षभर नांदणाऱ्या मुलीला पस्तीसेक मुली व्हायला हव्यात. इतक्या घरांतून एकही माणूस जास्तीचा थर घेऊन कधी त्यांच्या दारात आला नाही. 'नाती' हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. हे गणित वहिनींनी त्यांना करून दाखवलं. ते म्हणाले, "माहीत आहे."

"मग रविवारी फोन कशाला करत बसता सगळ्यांना?"

"फॉलोअप करावा लागतो."

शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात मुलींविषयी फार थोडं आहे. 'डावा गुडघा. ऑपरेशन नको म्हणतात. मुलाशी बोलणे.' 'मुलाखत गुरुवारी, सकाळी विचारणे.' 'दुबईचं डिसेंबरात येणं रद्द. विषय काढू नये.' दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रविवारी फोनवर पाऊण तास बोलतात. पहिली दोन मिनिटं बरणीविषयी, जी आता रिकामी धुऊन साबुदाण्याला वापरली आहे. तिला आता मोठ्या बरणीत हलवा, असं कोम्बुचाकर सांगतात, हलवते म्हणून काकू सांगतात, आणि मग गुडघा सुरू होतो. घरात त्या एकट्या असतात. इतका वेळ त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी इमारतीत नाही. इतका वेळ कोम्बुचाकरांचं ऐकून घेणारंही नाही.

गेल्या पावसाळ्यात एक आक्रीत घडलं. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा पातेलं घेऊन दारात उभा राहिला. पातेल्यात सात थर, एकावर एक. त्याने कागदावरचं प्रमाण परीक्षेच्या अभ्यासक्रमासारखं पाळलं होतं. कोम्बुचाकरांनी चष्मा बदलला, प्रत्येक थर उचलून उजेडात धरला, पट्टी बुडवून पीएच बघितला. मग आत जाऊन वही आणली आणि कोऱ्या रकान्यात आकडा घातला. शेरा: 'मुलगा कष्टाळू. साखर हात सैल सोडून घालतो.' वहिनींनी त्या मुलाला जेवूनच जा म्हटलं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. 'सात मुली द्यायच्या आहेत. घर बघायला उद्या अकराला येईन.' एरवी पाणी गेलं तरी पंचवीस जण तुटून पडतात. त्या दिवशी निळ्या खुणा सगळ्यांच्या दिसत होत्या आणि उत्तर कुणाचंच नव्हतं. रात्री नऊच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरून काकूंचा निरोप आला.

'मला एक चालेल. पहिलीला सोबत होईल.'