दाजींचा संशय

घरात धूळ दिसली की काही माणसं फडकं शोधतात, काही फडकं शोधायला दुसऱ्याला सांगतात. आमचे दाजी त्या धुळीशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "ही आली कुठून?"

ताईला वाटतं, हा प्रश्न तिच्या घरकामावरचा ताशेरा आहे. तसं नाही. दाजींची रोजीरोटीच या प्रश्नावर चालते. ते गोव्यात समुद्रविज्ञानाचं काम करतात. भर समुद्रावरच्या हवेत तरंगणारे कण पकडायचे, त्यांत लोखंड, शिसं, जस्त, व्हॅनेडियम किती आहे ते मोजायचं आणि मग हे कुणाचं पाप, त्याचा छडा लावायचा. लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा काय करतो, असं आजीनं विचारलं. मामानं सांगितलं, "बोटीवर वारा गाळतो." आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पगार वेळेवर मिळतो ना त्याचा?"

मामाची व्याख्या अगदी अचूक होती, हे मला पुढे कळलं. बोटीच्या वरच्या डेकवर पंप बसवतात, त्यावर खास गाळणकागद लावतात आणि वीस-चोवीस तास त्यातून वारा ओढतात. कागदावर जे उरतं, ते दाजींचं. पण ज्या बोटीवर हे चालतं तिला स्वतःचं धुरांडं असतं. वारा फिरला की आपलाच धूर आपल्याच कागदावर. म्हणून पंप वाऱ्याच्या कोंबड्याला जोडलेला असतो. धुरांड्याकडून झुळूक आली की पंप आपोआप बंद. चौकशी सुरू करण्याआधी फौजदारानं स्वतःचे खिसे उलटे करून दाखवावेत, तसा हा प्रकार. आपल्याकडच्या कुठल्याही चौकशी समितीत मी तो पाहिलेला नाही.

एवढ्यानं दाजींचं समाधान होत नाही. प्रत्येक सफरीत ते काही कागद नुसते उघडून, लावून, काढून परत आणतात. पंप चालवतच नाहीत. त्याला म्हणायचं ब्लँक. ब्लँकवर जे सापडेल ते हाताचं, डब्याचं, प्रयोगशाळेचं. ते नमुन्यातून वजा करायचं. ही सवय घरात शिरली. आमटीत मीठ किती, असं ताईनं विचारलं की दाजी आधी घोटभर साधं पाणी पितात. ताई म्हणते, "लोकांचे नवरे आमटी भुरकतात, आमचे वजाबाकी करतात." धातूचा स्पर्श नको म्हणून साखरपुड्याची अंगठी त्यांनी देवघरातल्या डबीत ठेवली, तिला आता बाळकृष्णाच्या शेजारी कायमची जागा मिळाली आहे. अक्षता पडतात तेव्हा तिच्यावरही पडतात.

दाजींचं कुलदैवत डार्विन. माकडांमुळे नाही, पुड्यांमुळे. 1832 च्या जानेवारीत त्याची बोट 'बीगल' आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्द बेटांपाशी होती. हवा धुरकट आणि बोटीवर तपकिरी धूळ. डार्विननं डोलकाठीवरच्या वातकुक्कुटाच्या जाळीत अडकलेली ती धूळ पुडीत बांधली. पुढे अशा पाच पुड्या बर्लिनच्या एरेनबर्ग या शास्त्रज्ञाकडे गेल्या आणि त्याला त्यांत 67 प्रकारचे सूक्ष्म जीवावशेष सापडले. दाजी ही गोष्ट सांगतात तेव्हा 'पुड्या' या शब्दावर त्यांचा आवाज असा हलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं नरसोबाच्या वाडीचा अंगारा आलाय.

त्यांची तपासाची रीत मात्र इन्कमटॅक्सवाल्यांची आहे. पृथ्वीच्या कवचात ॲल्युमिनियम सुमारे 8 टक्के आणि लोखंड सुमारे 5 टक्के. समुद्रावरच्या नमुन्यात ॲल्युमिनियमच्या मानानं लोखंड तेवढंच भरलं, तर ती साधी माती. थरची असेल, अरबस्तानातली असेल, पण माती. आता त्याच हिशेबात शिसं किंवा जस्त शंभरपट निघालं, तर ही ज्ञात उत्पन्नापेक्षा अधिक मालमत्ता झाली. कुणीतरी काहीतरी जाळलंय, वितळवलंय किंवा घासलंय. व्हॅनेडियम आणि निकेल हातात हात घालून आले की जहाजांचं जाड तेल. तांबं, जस्त हे ब्रेक-टायरचे भाऊबंद. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरावर गंगेच्या खोऱ्यातला धूर उतरतो, त्याचा कागद काळा येतो. अरबी समुद्रावर वाळवंटाची धूळ येते तेव्हा कागद फिक्या चहाच्या रंगाचा. दाजी दोन्ही कागद उजेडात धरून बघतात. बायका शालूचा पोत बघतात तसे.

शिशावर त्यांचा विशेष जीव. शिशाला चार स्थिर समस्थानिकं असतात, 204, 206, 207 आणि 208. त्यांचं आपसातलं प्रमाण खाणीगणिक वेगळं असतं आणि शिसं वितळवा, पेट्रोलमध्ये मिसळा, धुरातून सोडा, ते प्रमाण तसंच राहतं. म्हणजे शिशाला गोत्र असतं आणि ते लग्नानंतरही बदलत नाही. भारतात शिसंमिश्रित पेट्रोल 2000 साली बंद झालं, याचा दाजींना नागरिक म्हणून आनंद आणि संशोधक म्हणून थोडी चुटपुट. 2020 मध्ये जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची कमाल मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. जाड तेल मागे पडलं तसं व्हॅनेडियमही कमी झालं, तेव्हाही हेच. "चांगला ओळखीचा चोर होता रे," म्हणाले. "लांबून चालीवरून कळायचा."

एवढं सगळं करून ते कधीच कुणा एकाचं नाव घेत नाहीत. "मग दोषी कोण?" असं विचारलं तर म्हणतात, "यातलं इतकं धुळीचं, इतकं कोळशाचं, इतकं जहाजांचं, आणि चूक एवढी-तेवढी." भांडणात याचा काडीचा उपयोग नाही. ताईनं एकदा विचारलं, "दुधाचं पातेलं कुणी करपवलं?" दाजींनी स्वतःचा वाटा चाळीस टक्के धरला. वर म्हणाले, "अजून एक स्रोत अज्ञात आहे."

23 जानेवारी 2022 ला पाकिस्तानाकडून, गुजरातवरून धुळीचं वादळ मुंबईवर आलं. ठाण्यात माझ्या गाडीवर पांढरट थर, सोसायटीच्या ग्रुपवर बिल्डरचा उद्धार. मी बादली घेऊन खाली उतरतोय तोच दाजींचा फोन. "गाडी धुवू नकोस!" आयुष्यात माझ्या गाडीबद्दल त्यांनी दाखवलेली ही पहिली आस्था. मग सूचना : धातू अजिबात लावायचा नाही. प्लॅस्टिकचा चमचा, स्वच्छ पिशवी, आणि चमचा नुसताच फिरवून एक रिकामी पिशवीही पाठव.

आता खरं सांगतो. घरात प्लॅस्टिकचा चमचा सापडला नाही. रविवार होता, दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला. मी कांदेपोह्यांचा स्टीलचा चमचा घेतला, बॉनेट खरवडलं, पुडी बांधली, रिकामी पिशवी खरोखरच रिकामी पाठवली आणि फोनवर म्हणालो, "हो दाजी, प्लॅस्टिकचाच."

चौदा महिन्यांनी उत्तर आलं. मजकूर जसाच्या तसा देतो : "बरीचशी वाळवंटी माती. थोडं जस्त, ते रस्त्याचं. क्रोमियम आणि निकेल मात्र भरपूर, 18 ला 8 या प्रमाणात. या प्रमाणाचं वाळवंट जगात नाही. नमुना बाद. ताईला सांगितलेलं नाही. चमचा बदल, त्याला चरे पडले असतील."