चिमट्याचं वकीलपत्र

लांज्यात सायकल घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न ब्रेकचा, चाकाचा किंवा स्वतःच्या उंचीचा पडत नाही. पडतो तो शॉकअपचा. पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना जाडजूड नळ्या, त्यांना रबरी पायमोजे आणि बाजूला वीज कडाडल्यासारखं एखादं चित्र, एवढं दिसलं की सायकल डोंगरी ठरते. जिला हे नाही, नुसता साधा चिमटा आहे, ती पोस्टमनची नाहीतर आजोबांची. त्या साध्या चिमट्याचं वकीलपत्र मी इथे घेत आहे. फी मिळण्याची आशा नाही, कारण अशील मुळातच स्वस्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की डोंगरातल्या सायकलीला हादरे पचवण्याची सोय हवीच. पण ती टायरात आहे, चालवणाऱ्याच्या कोपरांत आहे, आणि तरीही तिसऱ्यांदा चिमट्यात विकत घ्यायची म्हणजे परसात फणस पिकून घमघमत असताना बाजारातून गरे आणण्यासारखं आहे.

पहिला साक्षीदार जांभा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हा दगड पाहिला आणि 1807 सालच्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. आपल्याकडे त्याची वीट, म्हणजे चिरा, लोक आधीपासूनच कापत होते, फक्त तिला लॅटिन येत नव्हतं. खाणीतून निघताना मऊ, वारा लागला की टणक, आणि अंगभर भोकं. कातळसड्यावरून किंवा मुरमाच्या रस्त्यावरून चाक गेलं, की मोठा दणका अधूनमधून बसतो, बारीक दणके मात्र अखंड. स्वस्त शॉकअपची अडचण नेमकी इथे आहे. एक नळी दुसरीत सरकायची तर आधी दोघींमधलं घर्षण मोडावं लागतं, आणि बारीक, भराभर येणाऱ्या दणक्यांत तेवढा जोर नसतो. म्हणजे सड्यावर हा गृहस्थ ढिम्म; जागा होतो तो एकदम खड्ड्यात, तेव्हा मात्र तळापर्यंत जाऊन ठण्णकन वाजतो. वर्षभर घरात काडी इकडची तिकडे न करणारे काही नातेवाईक लग्नात अचानक मांडवभर ओरडत फिरतात, तसं. याउलट टायरातल्या हवेला घर्षण मोडायचं नसतं. ती पहिल्या खड्यापासून कामाला लागते.

या हवेचा इतिहास शॉकअपच्या भक्तांनी जरूर वाचावा. लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवलेल्या सायकलींना इंग्रज लोक उघडउघड ‘हाडं खिळखिळी करणारी’ म्हणत. मग 1888 साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायराचं पेटंट घेतलं. प्रयोग झाला तो मुलाच्या तीनचाकीवर, आणि डनलॉप स्वतः गुरांचा डॉक्टर. सायकलचा मूळ आजार बरा झाला तो असा. पुढे 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही मंडळी जुन्या, जाड टायरांच्या श्विन सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली येण्याची शर्यत लावू लागली. एका उतरणीत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई, ते पुन्हा भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. जुन्या फ्रेमी हा मार सोसत नाहीत हे पाहून त्यांच्यातल्याच जो ब्रीझने 1977 साली खास डोंगरासाठी नवी फ्रेम बांधली, आणि तिलाही चिमटा बसवला तो न हलणारा. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअप, आरएस-1, आला 1989 साली. म्हणजे माउंटन बाइक नावाचं अपत्य ज्याच्या खांद्यावर वाढलं, त्या चिमट्यालाच आता दुकानदार विचारतो, ‘तुमचा या घराशी संबंध काय?’

प्रतिपक्ष इथे 1990 सालचं अमेरिकेतलं ड्युरँगो पुढे करतो. तिथल्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने उताराची शर्यत शॉकअपच्या जोरावरच जिंकली. कबूल. उतारावर, वेगात, घड्याळाशी भांडण असेल तर शॉकअप घ्यावा आणि चांगला, महागाचा घ्यावा. पण ती शर्यत खाली संपते. भांबेड-प्रभानवल्लीकडे नाहीतर खोरनिनको धरणाकडे गेलेल्या माणसाला संध्याकाळी परत यायचं असतं, आणि या तालुक्यात सपाटी शोधायची तर विलवडे स्टेशनचा फलाट गाठावा लागतो. कोकण रेल्वेने आपला चढ दीडशेला एकच्या वर जाऊ दिला नाही आणि त्यासाठी डोंगर पोखरले. सायकलवाल्याला बोगदा परवडत नाही. तो पेडलवर उभा राहून चढतो. उभं राहिलं की शॉकअप दर पावलाला खाली बसतो, पुन्हा उठतो, आणि मांडीतली थोडी ताकद स्प्रिंगला व्यायाम देण्यात जाते. शिवाय स्टीलचा साधा चिमटा किलो-सव्वा किलोचा, तर स्वस्त शॉकअप दोन-अडीच किलोच्या घरात. यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा तर माझ्या अशिलाची निर्दोष सुटकाच आहे. हँडलजवळ एक खटका देतात. तो दाबला की शॉकअप हलायचा थांबतो, म्हणजे त्याचा साधा चिमटा होतो. या सोयीला ‘लॉकआउट’ म्हणतात, आणि तिचे जादा पैसे पडतात! ज्या कोकणाच्या दोन-तीन पिढ्या गिरणगावात राबल्या त्याला लॉकआउट या शब्दाचा अर्थ नव्याने सांगायला नको. पैसे मोजून टाळेबंदी विकत घ्यायची वेळ तेवढी राहिली होती.

हाताला मुंग्या येतात, मनगटं दुखतात, ही तक्रार मात्र खरी आहे. पण ती करणाऱ्याची दोन लक्षणं तपासून पाहावीत. एक, टायर. आपल्याकडे हवा ‘दगडासारखी’ भरली म्हणजेच भरली, अशी समजूत आहे. सव्वादोन-अडीच इंच रुंदीच्या टायरात मध्यम वजनाच्या माणसाने पंचवीसच्या आसपास पौंड हवा ठेवली, तर टायर खड्याला मिठी मारतो; पन्नास पौंड भरली तर त्याच्याशी भांडतो. (फार कमी केली तर ट्यूब रिमच्या धारेवर चिमटून पंक्चर होते, कंजूषपणा तिथेही नको.) दुसरं लक्षण कोपर. हात काठीसारखे ताठ धरून बसणाऱ्याला जगातला कुठलाच शॉकअप वाचवणार नाही. याचा पुरावा कोकणात दर शिमग्याला खांद्यावरून फिरतो. पालखीच्या दांड्याला ना स्प्रिंग असते ना तेल. तरी ढोल घुमू लागला की पालखी वर जाते, खाली येते, गरगरते, आणि आतल्या देवाची बैठक मोडत नाही. ती सगळी करामत भोयांच्या गुडघ्यांची. नीट वाकलेलं कोपर वीतभर खाली-वर होतं. बाजारातल्या बहुतेक शॉकअपची धाव त्याहून फारशी जास्त नसते, आणि कोपराला वॉरंटी कार्ड लागत नाही.

कारण शॉकअपला कार्ड लागतं, आणि कार्डामागे मेकॅनिक लागतो. चांगल्या शॉकअपच्या खालच्या नळ्या दर पन्नासेक तासांनी उघडून तेल बदलावं, असं बनवणारेच सांगतात. लांज्याच्या पावसात तांबडी चिखलराड सीलच्या ओठांवर बसते, आणि पाऊस थांबला की तीच वाळून पॉलिशपेपरचं काम करते. मग शॉकअप काढून कोल्हापूरला नाहीतर पुण्याला धाडायचा, म्हणजे सायकलीपेक्षा तिचा चिमटाच जास्त प्रवास करणार. साध्या चिमट्याला वर्षाकाठी वरचे छर्रे साफ करून ग्रीस भरलं की झालं. ते काम पंक्चरवालाही करतो, आणि करता करता गावाची बातमीही देतो.

पण असलेला शॉकअप काढून साधा चिमटा बसवायचा तर पत्रिका नीट जुळवावी, घाईत बोलणी करू नयेत. वरची नळी सव्वा इंचाहून थोडी कमी, म्हणजे 28.6 मिलिमीटरची, की खाली रुंद होणारी. ब्रेकची डिस्क कुठे बसते. एक्सल किती रुंद. हे गुण सरळ आहेत. खरा मंगळ असतो तो उंचीत. मोठ्या, 29 इंची चाकाच्या आणि 100 मिलिमीटर धावेच्या शॉकअपची, मुकुटापासून एक्सलपर्यंतची लांबी पाचशे मिलिमीटरच्या आसपास असते. माणूस बसला की तो वीसेक मिलिमीटर दबतो. म्हणून चिमटा साधारण 480 चा हवा. शेजारी पडलेला जुना, आखूड चिमटा ठोकून दिला तर सायकल नाकावर झुकते: दर वीस मिलिमीटरला पुढचा कोन साधारण एक अंशाने उभा होतो, हँडल चुळबुळं होतं, आणि उतारावर मालक सायकलीच्या आधी पोहोचण्याची शक्यता वाढते. गंमत म्हणजे शॉकअपवाला हाच अनुभव दर ब्रेकला घेतो. पुढचा ब्रेक दाबला की शॉकअप खाली बसतो आणि कोन उभा होतो, ऐन उतारावर. साधा चिमटा ब्रेक दाबण्याआधी जसा असतो, तसाच नंतरही.

पाखाडीचं काय, असा शेवटचा सवाल येतो. जांभ्याच्या पायऱ्या, वर शेवाळ, दोन्हीकडे गडगे. तिथे माझा सल्ला असा, की उतरावं आणि सायकल खांद्यावर घ्यावी. हलकी कोणती, ते वर आलंच आहे. माचाळकडे जाणाऱ्याने तर आवाजाचाही विचार करावा. तिथल्या गुहेत मुचकुंद ऋषी झोपले होते. देवांसाठी लढून दमलेल्या या राजर्षीने वर मागितला तो झोपेचा, आणि उठवेल तो भस्म होईल या अटीचा. कालयवनाने त्याला लाथ मारून उठवलं, आणि स्वतःच जागच्या जागी भस्म झाला. दोन पावसाळे खाल्लेला शॉकअप दर खड्ड्याला कुंईकुंई करतो. साधा चिमटा गुहेच्या तोंडावरून हूं की चूं न करता निघून जातो.