बर्फाची दांडी

२०२४च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी पिवळट गवत दिसत होतं. पुढच्या वर्षी तर सरकारी मुहूर्तच हुकला. खेलो इंडियाच्या इथल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या, बर्फाने दांडी मारली आणि त्या मार्चमध्ये उरकाव्या लागल्या. बर्फाला परिपत्रक पाठवायचं राहिलं असावं.

मराठी सहलमंडळींचं मात्र पाऊलभर बर्फावरही भागतं.

वाटेतल्या टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि शंभर जणांनी घातलेला फरकोट चढवून काका गंडोल्याने, म्हणजे रोपवेने, अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटर उंचीवर पोचतात. पायात स्की अडकवतात, पण घसरत नाहीत. गाईडने मागून कोपर घट्ट धरलेलं असतं. समोरून काकू मोबाइल रोखून ओरडतात, “अहो, जरा वेगात असल्यासारखं तोंड करा ना!”