बाई, गोधडी आणि मांजरपाट

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरला एखाद्या घरातली म्हातारी गेली, की दहाव्याच्या आत दोन माणसं हमखास येतात. एक गुरुजी आणि दुसऱ्या बाई. गुरुजी यादी देतात, बाई यादी मागतात. डोळ्यांना पदर लावून होतो, ‘फार सोसलं हो तिनं’ म्हणून होतं, नको नको म्हणत अर्धा कप चहा घेऊन होतो, आणि मग उंबऱ्याशी आल्यावर बाईंचा आवाज खाली येतो : “सुती लुगडी किती निघाली?”

नवी सून बावरते. जुनी बावरत नाही. तिने पेटी आधीच उघडून ठेवलेली असते.

अशा बाई तुम्हाला शेंदुर्णीला भेटतील, जामनेरला भेटतील, पाचोऱ्यालाही भेटतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन चालू, मुलगा पुण्याला, घराला ओटा, ओट्यावर गोधडी आणि गोधडीवर कुत्रं. मी पहूरच्या बाईंबद्दल सांगतो, कारण त्यांनी मला दुसरीत शिकवलं आणि अजून त्या शिकवायच्या थांबलेल्या नाहीत.

बाईंचं माणसांकडे बघणं वेगळं आहे. लग्नाच्या मांडवात सगळ्या बायका एकमेकींच्या गळ्याकडे बघतात, जळगावच्या सोन्याची कीर्तीच तशी आहे. बाई मात्र पदराचं टोक दोन बोटांत धरून चोळतात. कापड मऊ लागलं की चेहरा उजळतो. “चांगलं पिकलंय,” म्हणतात, “अजून दोन वर्षं नेस, मग माझ्याकडे दे.” पॉलिस्टर हाताला लागलं तर पदर सोडून देतात आणि त्या बाईशी पुढचा अर्धा तास बोलत नाहीत. टेरिकॉट आणि पॉलिस्टरवर त्यांचा जो राग आहे तो त्यांनी कुठल्याही राजकीय पक्षावर काढलेला मी पाहिला नाही. सुई आत जात नाही, गेली तर दोरा सुळकन निसटतो, थर एकमेकांना धरत नाहीत, घाम शोषला जात नाही, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं. “या कापडात माणूस निजेल कसा?” हा त्यांचा प्रश्न. गावात निम्मी माणसं त्याच कापडात निजतात, पण बाईंसमोर ते कोण कबूल करणार!

गोधडीचा खरा हंगाम आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. बाईंच्या ओट्यावर तेव्हा कारखाना लागतो. खाली आख्खं लुगडं पसरायचं, त्यावर जुन्या कापडाचे थर, प्रत्येक थर तळहाताने झाडून सपाट करायचा. गोळा राहिला की जन्मभर पाठीला टोचतो. चार कोपऱ्यांवर वजन, पाटा आणि वरवंटा धरून. मग लांब लांब कच्चे टाके, आणि त्यानंतर कडेकडेने धावदोरा, एका ओळीपासून दुसरी ओळ बोटभर अंतरावर, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे. ओळ वाकडी गेली की बाई काही बोलत नाहीत. फक्त कात्री पुढे सरकवतात. बँकेत नोकरीला असलेल्या, स्वतःच्या मुलीचं लग्न उरकलेल्या बायकाही त्या कात्रीला घाबरून दोरा उसवायला घेतात.

या सगळ्यात एक अडचण असते, ती म्हणजे मांजरपाट.

मांजरपाट हे बाईंचं थोरलं कुत्रं. अंगाचा रंग न धुतलेल्या मांजरपाटासारखा, म्हणून ते नाव. बाईंच्या घरी कुत्र्यांची नावं कापडावरूनच पडतात. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची कुत्री ती चौकडी. अंगाने खरखरीत, स्वभावाने गरीब आणि पावसात भिजलं की दोन दिवस न वाळणारं ते खादी. चौथा टेरिकॉट. हा दिसायला चकचकीत, पण कुणाच्याही मागे जाणारा. चोर आला तर त्याला रस्ता दाखवेल असा. बाईंनी त्याला घरात घेतलं, भाकरी दिली, पण नाव देताना मनातलं लपवलं नाही.

तर, गोधडी मध्यापर्यंत आली की मांजरपाट उठतो, थरांवरून संथ चालत येतो, स्वतःभोवती तीन फेऱ्या मारतो आणि बरोब्बर मधोमध अंग टाकतो. त्याला उठवायचं नाही असा नियम आहे. “झोपलेल्याला उठवू नये.” ज्या बाईंनी दुसरीच्या वर्गात डुलकी घेणाऱ्या मुलांवर अचूक खडू मारले त्याच बाईंचा हा नियम. मग सगळ्या बायका कुत्र्याच्या कडेने टाके घालत फिरतात. शेपटीपाशी वळण, पायांपाशी वळण. बाईंच्या घरात अशी एक गोधडी आहे जिच्या मधोमध कुत्र्याच्या आकाराची जागा कोरी आहे. कान वेगळे ओळखू येतात. पुण्याहून आलेल्या सुनेने ती पाहून विचारलं, ही नक्षी कुठली? बाई म्हणाल्या, “खान्देशी.” सूनबाईंनी फोटो काढला.

विणकाम हा बाईंचा दुसरा पंथ. तो आईकडून आला. १९६२ साली चीनने हल्ला केला तेव्हा जवानांसाठी घरोघरी लोकरीचे स्वेटर विणले जात होते. बाई तेव्हा सात वर्षांच्या. आईने त्यांच्या हातात सुया दिल्या आणि सांगितलं, सरहद्दीवर थंडी आहे. युद्ध महिन्याभरात संपलं. बाईंनी मात्र सुया खाली ठेवल्या नाहीत. पुढे शाळेत कार्यानुभवाचा तास मिळाला तेव्हा त्यांनी मुलींना विणकाम आणि मुलांना बागकाम ही वाटणी साफ मोडून काढली. आज गावात कापसाची खरेदी करणारे, केळीचा ट्रक चालवणारे, पोलिसात गेलेले असे कितीतरी मिशाळ पुरुष आहेत, ज्यांनी कधीकाळी दोन सुयांवर वीस टाके घालून ‘एक सुलट, एक उलट’ म्हटलेलं आहे. ते हे कुणाला सांगत नाहीत. पण बाईंच्या लोकरीचा गुंडा ओट्यावरून घरंगळला, तर रस्त्याने जाणारा हवालदार तो उचलून असा सराईत गुंडाळून देतो की ओळखणारा ओळखतो.

खान्देशात लोकरीचं काम म्हणजे थट्टेलाच आमंत्रण. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्याच्या घरात भांडी तापतात, आणि बाई कूलरसमोर मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या. जाणारे-येणारे विचारतात, “बाई, या उन्हात काय करू राह्यल्या?” बाई वर न बघता सांगतात, “डिसेंबर.” त्यांचं चुकत नाही. डिसेंबर-जानेवारीत जळगाव जिल्ह्यात पारा दहाच्या खाली येतो, शेतातल्या भरीत-पार्ट्यांना शेकोटीभोवती दाटीवाटी होते आणि तेव्हा गावाला बाईंची आठवण होते.

पाचोरा-जामनेर गाडी चालू होती तेव्हा बाईंना विणायला निवांत जागा होती. इंग्रजांच्या काळातली नॅरोगेज, ५६ किलोमीटरचा मार्ग. पीजे म्हणत तिला. वेगाबद्दल काय बोलावं. बाई अंतर टाक्यांत मोजत. पहूर ते शेंदुर्णी म्हणजे टोपरं, पाचोऱ्यापर्यंत गेलं तर मोज्याचा जोड, आणि वाटेत इंजिन रुसलं तर बिनबाह्यांचा स्वेटर. २०२० च्या टाळेबंदीत गाडी थांबली ती पुन्हा निघालीच नाही. आता मार्ग ब्रॉडगेज व्हायचा आहे. गावाला त्याचा आनंद आहे. बाईंना शंका आहे. “इतक्या लवकर पोचून लोक करणार काय?”

बाई मापं घेत नाहीत. नजरेने अंदाज घेतात आणि त्यात ‘वाढतं अंग आहे’ म्हणून चार बोटं मिळवतात. माझ्या स्वेटरच्या बाह्या मला चौथीत गुडघ्यापर्यंत होत्या आणि सातवीत कोपरापर्यंत. मधल्या दोन वर्षांत नेमक्या कधी बसल्या ते आठवत नाही. नंतर बाईंनी तो परत मागून घेतला, उसवला, लोकर धुऊन वाळवली आणि काही दिवसांनी तो चौकडीच्या अंगावर दिसला. तिला बसला होता. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल, पण रंग तिला जास्त खुलत होता हे मान्य करायला हवं.

कुत्र्याचा स्वेटर हे येरागबाळ्याचं काम नव्हे. सुरुवात गळ्यापासून. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी, म्हणजे ती ताणते आणि पुन्हा मिटते. मग छाती, मग पुढच्या दोन पायांसाठी भोकं, मग पाठ लांब आणि पोट आखूड. नर असेल तर पोट आणखी आखूड. “नाहीतर प्रत्येक विजेच्या खांबाला स्वेटर धुवायला काढावा लागेल,” हे बाई पाहुण्यांसमोर, चहा ओतता ओतता, प्रमेय सांगावं तशा आवाजात सांगतात. उरलीसुरली लोकर बसस्थानकावरच्या कुत्र्यांना. त्यामुळे जानेवारीत पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्या परगावच्या माणसाला पहिलं दृश्य दिसायचं ते म्हणजे पिवळ्या-जांभळ्या पट्ट्यांचे स्वेटर घालून फलाटावर झोपलेली कुत्री आणि शेजारी टॉवेल गुंडाळून कुडकुडणारी माणसं. एका कंडक्टरने यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बाईंनी पुढच्या आठवड्यात त्याला कानटोपी आणून दिली. रंग पिवळा-जांभळाच. तो ती घालतो.

अजिंठा पहूरहून अर्ध्या तासावर. शाळेची सहल दरवर्षी तिथेच जायची. मार्गदर्शक पद्मपाणीच्या डोळ्यांतली करुणा समजावत असायचा आणि बाई त्याच भिंतीवरच्या कुठल्यातरी दासीच्या वस्त्राचे पट्टे बघत असायच्या. तिथल्या चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची वस्त्रं खरोखरच बघण्यासारखी आहेत. आम्ही मुलं ती बघत होतो, कारण बाईंनी वहीत उतरवून घ्यायला लावली होती. भिक्खूंच्या चीवराचा धडाही तिथेच झाला. मगधातल्या भाताच्या खाचरांचे बांध दाखवून बुद्धाने आनंदाला विचारलं, असं तुकड्यातुकड्यांचं चीवर करता येईल का? आनंदाने करून दाखवलं. विनयपिटकातली ही गोष्ट. बाईंची तिच्यावरची टिप्पणी : “ठिगळं जोडायला हुशार माणूस लागतो. आख्खं कापड काय, कुणीही पांघरतं.”

सगळं गाव बाईंच्या बाजूचं आहे असं मुळीच नाही. कुत्रं चावतं. रात्री दुचाकीच्या मागे लागतं. लहान पोरं असलेल्या घरांचा राग खोटा नसतो, आणि बाई तो झटकून टाकत नाहीत. चारही कुत्र्यांना दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस देतात. तिथले डॉक्टर बैल-म्हशींत रमलेले. चौकडी टेबलावर चढली की तिला धरायची कुठे हेच त्यांना उमगत नाही. कुणाला कुत्रं चावलं की जखमेवर तिखट दाबायला धावणारी म्हातारी आणि ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ म्हणून भेदरवणारा शेजारी अजून गावात आहेत. बाई तिथे साबणाची वडी घेऊन पोचतात. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग सरकारी दवाखाना. इंजेक्शनं आता दंडात देतात. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीचं कार्ड भरून होईपर्यंत बाई त्या घराच्या कालनिर्णयावर लाल खुणा करून ठेवतात. खूण चुकवणाऱ्याच्या दारात त्या स्वतः उभ्या राहतात, आणि सोबत मांजरपाट.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीकडची भटकी कुत्री उचलायला सांगितली तेव्हा चहाच्या टपरीवर पेढ्यांची भाषा सुरू झाली. बाई थांबल्या. ११ तारखेचा तो आदेश २२ तारखेला बदलला : नसबंदी करा, लस द्या, आणि पिसाळलेली व हिंस्र सोडून बाकीची जिथून उचलली तिथेच सोडा, खाऊ घालायला जागा ठरवून द्या. कात्रण घेऊन बाई जागा मागायला निघाल्या. इथे अडचण न्यायालयाची नव्हती, पहूरची होती. गाव एक, ग्रामपंचायती दोन, पेठ आणि कसबे. खादी झोपतो पेठेत आणि जेवतो कसब्यात. त्याची नोंद कुठे करायची यावर दोन्हीकडे बराच खल झाला. मग ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला : शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री हलवा, परत तिथे सोडू नका. बसस्थानकावरच्या स्वेटरवाल्यांना बाईंनी आपणहून घरामागच्या वाड्यात आणलं. “कोर्टाचं ऐकायचं,” म्हणाल्या. “पण रेल्वे स्टेशनवरच्या दोघांचं काय?” कुणीतरी विचारलं. “स्टेशन? पाच वर्षांत तिथे गाडी आली का? गाडी येऊ दे, मग बघू.” यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

वाड्यात जागा कमी पडते. काही कुत्री रात्री सटकतात आणि जळगाव-अजिंठा रस्त्यावर जाऊन झोपतात, तो उशिरापर्यंत ऊबदार असतो म्हणून. तेव्हा हिवाळ्यात त्या रस्त्याने रात्री जाणार असाल तर पहूर आलं की गाडी हळू घ्या. वाटेत स्वेटर घातलेलं कुत्रं दिसलं तर बाजूने काढा, हॉर्न वाजवू नका. हॉर्नने कुत्रं उठत नाही, बाई उठतात.