पेशखाना

औरंगजेब बादशहा 1664 च्या अखेरीस दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा त्याच्या लवाजम्याबरोबर असलेल्या बर्नियर नावाच्या फ्रेंच वैद्याने त्या प्रवासाची जी हकीकत लिहून ठेवली आहे, तिच्यात तोफखान्याचे आणि अमीर-उमरावांचे वर्णन पुष्कळ आहे. परंतु ज्या गृहस्थाला घरमालकाने जागा रिकामी करण्याची मुदत घालून दिली आहे, त्याने ती पाने खुशाल उलटून पुढे जावे आणि पेशखान्याच्या मजकुरापाशी थांबावे. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संपूर्ण संच असत. एका संचात बादशहाचा आजचा मुक्काम पडला असेल, तर दुसरा संच एक मजल पुढे जाऊन उद्याच्या जागी उभा राहिलेला असे, आणि या पुढे जाणाऱ्या सरंजामाला पेशखाना म्हणत. त्याच्या दिमतीला 60 हून अधिक हत्ती, 200 उंट, 100 खेचरे आणि 100 हमाल लागत. अवजड तंबू व त्यांचे खांब हत्तींवर, लहान राहुट्या उंटांवर, मुदपाकखान्याची भांडी खेचरांवर अशी वाटणी होती. मात्र खाशा पंक्तीतली चिनी मातीची पात्रे माणसांच्याच हवाली केलेली असत. घर हलवण्याच्या शास्त्रात यापलीकडे जाणून घेण्यासारखे फारसे काही उरत नाही असे माझे नम्र मत आहे, आणि ते मी आमच्या मामींच्या साक्षीने मांडीत आहे.

उलट बाजूचा दाखला महंमद तुघलकाचा. 1327 साली राजधानी दिल्लीहून देवगिरीस न्यावी असे त्याने मनात घेतले, देवगिरीचे नामाभिधान दौलताबाद केले, उमराव, उलेमा आणि दफ्तरी मंडळी यांना बायकामुलांसह विंध्य-सातपुडा ओलांडायला लावला आणि काही वर्षांनी त्यांना दिल्लीला परत जाण्याची मुभा दिली. इतिहासकार त्याला लहरी म्हणून मोकळे होतात. परंतु ज्याने एकदा तरी बिऱ्हाड हलवले आहे, तो एवढेच म्हणेल की, पुढच्या मुक्कामी चहाची काय व्यवस्था आहे याची चौकशी न करता माणसे हलवू नयेत. औरंगजेबालाही पुढे दक्षिणेत येऊन हयातीची अखेरची 25 वर्षे बहुतांशी छावणीतच काढावी लागली आणि दिल्ली पुन्हा दिसली नाही, हे खरे; पण तो कसूर मराठ्यांचा, पेशखान्याचा नव्हे.

आमच्या मामींनी बर्नियर वाचलेला नाही. मामा महसूल खात्यात मामलेदार होते. आज करमाळा, उद्या शिराळा, परवा गडहिंग्लज असे त्यांच्या बदल्यांचे हुकूम बहुधा ऐन मे महिन्यात, म्हणजे मुलांच्या शाळेचे दाखले काढायला हेडमास्तर गावी नसत अशा बेताने, येत असत आणि मामी पुढच्या मुक्कामाची तयारी मामांच्या नव्या जागेच्या कल्पनेवर न सोडता एका हिरव्या ट्रंकेवर सोडीत असत. आमचा शनिवार पेठेतला वाडा पाडून तेथे इमारत उठणार असे निश्चित झाले आणि कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर भाड्याची जागा आम्ही घेतली, तेव्हा मामी देखरेखीसाठी मुद्दाम आल्या, आल्याबरोबर त्यांनी पदर खोचला आणि विचारले, "ट्रंक कुठली रिकामी आहे तुमच्याकडे? आधी ती भरा. टेम्पो मागून येत राहील. चहा आधी पोचला पाहिजे."

त्या ट्रंकेत काय काय गेले ते मी जवळून पाहिले आहे. चहाचे पातेले, गाळणे, सांडशी, चहा-साखरेच्या डब्या, चार स्टीलचे पेले आणि विजेची शेगडी हा पहिला थर. विजेची शेगडी अशासाठी, की गॅस पहिल्या दिवशी लागत नाही. त्यावर काडेपेटी, मेणबत्त्या, कात्री, हातोडी, खिळे, स्क्रूड्रायव्हर, सुतळीचे बंडल आणि वाळत घालण्याची दोरी. मग साबण, पंचे, रोजची औषधे, एक नवे कुलूप, कारण जुन्या कुलपाच्या किल्ल्या आजवर कोणाकोणाकडे गेल्या असतील हे नव्या भाडेकरूला कळायचे नाही. सर्वात वर, जुन्या लुगड्याच्या घडीत, विजेचे दोन दिवे. हे दिवे कशाला, असे मी विचारले. मामी म्हणाल्या, "अरे, जाणारा माणूस दिवे काढून नेतो. आपण नाही का नेत?" कोथरूडच्या जागेत तिन्हीसांजेला आम्ही पोचलो, तेव्हा संडासासकट एकाही खोलीत दिवा नव्हता, आणि वाड्यातले दिवे तर मीच सकाळी स्टुलावर चढून काढले होते.

ट्रंक टेम्पोत चढवायची नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. ती घरातल्या एका कर्त्या माणसाबरोबर रिक्षाने आधी जाते, आणि तिच्याबरोबरच माणसांच्या हवाली करायच्या वस्तू जातात: दस्तऐवज, दागिने, आणि लोणच्याची बरणी. लोणच्याची बरणी टेम्पोत ठेवावी, असे सांगणाऱ्या माणसाचा सल्ला अन्य कोणत्याही बाबतीत घेऊ नये. बरणीच्या तोंडाला दादरा बांधून, वर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर रबर लावून ती मांडीवर घ्यावी. बादशाही पंक्तीच्या पात्रांना हमाल मिळत होते, आमच्या बरणीला मी मिळालो.

मामांचा वाटा वेगळा होता. त्यांनी निवृत्तीनंतरही सोडून न दिलेली दफ्तरी शिस्त त्यांच्या बिऱ्हाडाच्या जुन्या फर्दीत उतरलेली आहे, आणि ती फर्द मामींनी नमुन्यासाठी बरोबर आणली होती. अनुक्रमांक, जिन्नस, नग, शेरा असे चार रकाने. "तांब्याचा बंब, नग 1, तोटी गळते, सबब फडक्यासह." "पाट, नग 6, पैकी एक सौ.च्या माहेरचा, त्यावर काही रचू नये." "खल 1, बत्ता 1, हे दोन्ही एकाच पेटीत असावेत; शिराळ्यास बत्त्यावाचून फार हाल झाले." आणि शेवटी, "बोचके, नग 1, आतील ऐवज ठाऊक नाही. तथापि सांभाळून न्यावे." असला शेरा लिहायला धैर्य लागते. यादी करावी, एवढे कोणीही सांगतो. यादीत शेऱ्याचा रकाना असावा, हे मामलेदारच सांगू जाणे. खोक्यावर नुसते "स्वयंपाकघर" लिहिण्याऐवजी "स्वयंपाकघर, रोजचे, आज उघडणे" असे लिहिले, तर संध्याकाळी पोळपाट शोधण्यासाठी सात खोक्यांची झडती घ्यावी लागत नाही. आणि ते लिहायचे खोक्याच्या बाजूंवर. वर लिहिले, की त्यावर दुसरे खोके बसते आणि मजकूर गुप्त राहतो.

बांधाबांधीच्या आठवड्यात घरातला पसारा कमी करावा, असा उपदेश आपल्याकडे सर्रास केला जातो, त्यास माझी सक्त हरकत आहे. पसारा कमी करणे हे न्यायदानाचे काम आहे. प्रत्येक वस्तूची सुनावणी होते, तिच्या बाजूने घरातला कोणी ना कोणी वकील उभा राहतो, जुने पुरावे निघतात, आणि बहुसंख्य खटले तहकूब होतात. हे काम महिनाभर आधी करावे किंवा नव्या घरी निवांतपणी करावे; टेम्पो परवा यायचा असताना आजोबांच्या मोडक्या छत्रीचा निवाडा करीत बसणे म्हणजे छत्रीही जाणार नाही आणि भांडीही बांधली जाणार नाहीत. त्या आठवड्यात फक्त बांधावे. धान्याचे डबे मात्र अपवाद: जाण्याच्या आधीच्या पंधरवड्यात नवी डाळ, नवे पीठ आणू नये, घरात असेल ते खाऊन संपवावे. आम्ही त्या सुमारास मटकी, हुलगे आणि नाचणी यांचा जो आळीपाळीने फडशा पाडला, त्याने टेम्पोचे ओझे किती घटले हे सांगता येत नाही, पण मुलांना जागा बदलण्याची घाई झाली.

पुस्तकांविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाचणारा माणूस पुस्तके सर्वात मोठ्या खोक्यात भरतो, कारण त्याला ती एकत्र राहावीत असे वाटते. हमालाला असे काही वाटत नाही. फूटभर लांब, रुंद आणि उंच खोके पुस्तकांनी दाटून भरले, तर तेवढेच पंधरा-वीस किलोंच्या घरात जाते. याहून मोठे खोके उशा, गोधड्या आणि पडदे यांच्यासाठी आहे. काचेच्या व चिनी मातीच्या बशा आडव्या न रचता उभ्या भराव्यात, मधे जुनी सुती लुगडी किंवा धोतराच्या पट्ट्या घालाव्यात. पलंग सोडवला, की त्याचे स्क्रू एका पुरचुंडीत घालून ती पलंगाच्याच पायाला बांधावी. फ्रिज उभाच न्यावा. आडवा करावाच लागला, तर पोचल्यावर काही तास उभा राहू द्यावा आणि मगच चालू करावा, कारण काँप्रेसरमधले तेल नळ्यांत शिरलेले असते आणि ते जागेवर यायला अवधी लागतो. गाव बदलत असेल तर सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून त्याची रीतसर पावती घ्यावी, आणि ती पावती पेशखान्यात ठेवावी. गावातल्या गावात जात असलात तरी वितरकाला आधी कळवलेले बरे.

मुहूर्ताचा प्रश्न येतोच. पितृपंधरवड्यात कोणी जागा बदलीत नाही, म्हणून त्या दिवसांत टेम्पोवाला आपल्याला "काका" म्हणतो; दसऱ्याला तोच माणूस फोन उचलीत नाही. यावर मामींची तोड अशी, की चांगल्या दिवशी देव, पाण्याने भरलेला कलश आणि दुधाचे पातेले घेऊन जावे, नव्या घरी दूध उतू घालावे, दिवा लावावा आणि परत यावे. मग सामान सवडीने, एखाद्या रिकाम्या मंगळवारी, जाईना का. पंचांग आणि टेम्पो या दोघांनाही एवढ्या सुखाने नांदवणारा तोडगा मी दुसरा पाहिलेला नाही. विचार केला तर हाही पेशखानाच. फक्त तो देवांचा.

हमाल हे या सगळ्या कारभारातले खरे जाणकार. महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी 1969 साली स्वतंत्र कायदा केला, पण आपण मात्र अजूनही तीन मजल्यांचा दोन मजले सांगून भाव ठरवू पाहतो. आमच्याकडे आलेल्या मुकादमाने सौदा करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "तिसरा म्हंजे खालचा धरून, का सोडून?" लोखंडी कपाट रिकामे आहे का, जिन्याला वळण किती आहे, लिफ्ट सामानाला चालते की सोसायटीच्या चेअरमनांची लेखी परवानगी लागते, टेम्पो फाटकापर्यंत येतो की गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, या चार गोष्टी आपणच आधी सांगाव्यात, टेप घेऊन नव्या घराचे दार आणि जिन्याचे वळण मोजावे, आणि मग त्यांच्या कामात बोलू नये. आमच्या वाड्यातले एक शेजारी, स्वतः हयातीत एकही जागा न बदललेले, चौकात उभे राहून "डावीकडून, डावीकडून" असे सांगत होते, तेव्हा मुकादमाने कपाट पाठीवरच्या पट्ट्यात तोलून धरले असता अत्यंत अदबीने विचारले, "आजोबा, तुमची डावी की माझी?" त्यानंतर चौकात शांतता होती.

राहता राहिला पत्ता. करारनाम्याच्या प्रती भरपूर काढून ठेवाव्यात, कारण बँक, शाळा, गॅस, शिधापत्रिका यांपैकी प्रत्येकाला एक लागते आणि प्रत्येक जण ती ठेवून घेतो. त्यातून अकरा महिन्यांचा करार असला, तर सर्वांची दफ्तरे दुरुस्त होईतो नव्या कराराची वेळ येते. एका बँकेत मी पत्ता बदलण्याचा अर्ज दिला. खिडकीमागच्या गृहस्थांनी तो वाचला, करारनामा ताडून पाहिला, शिक्का मारला आणि पत्ता बदलल्याचे पत्र टपालाने येईल असे आश्वासन दिले. पत्र निघाले ते जुन्या पत्त्यावर. तेथे वाड्याच्या जागी पत्र्याचे कुंपण आणि खुर्ची टाकून बसलेला एक रखवालदार होता. पोस्टमनने विचारले, आणि रखवालदाराने माझ्या नावावर सही करून ते रीतसर घेतले.