नडगीची पाटी

पुण्याच्या जानेवारीत प्रस्तुत लेखकाच्या नडगीला अचानक शैक्षणिक महत्त्व येतं. नखाने ओरखडलं की पांढरीशुभ्र रेघ उमटते, थुंकीच्या बोटाने पुसली की जाते, आणि खडूचा खर्च शून्य. गेल्या हिवाळ्यात सात वर्षांच्या भाच्याने या पाटीवर आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग फुली-गोळा मांडून मामाला सलग चार डाव हरवलं.

याला जबाबदार लेखकाची अंघोळ. पाणी कढत हवं, साबण दोनदा लावायचा, आणि अंगावरून बोट फिरवलं की घासलेल्या ताटासारखा कुर्र आवाज आला पाहिजे, ही त्याची स्वच्छतेची कसोटी. तो आवाज म्हणजे तेलाची शेवटची किंकाळी असते, हे त्याला फार उशिरा कळलं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर अंगाच्या बऱ्याच भागांवर जेमतेम दहा ते वीस मायक्रोमीटर, म्हणजे केसाहूनही बारीक. त्यात मेलेल्या चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर. सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचातज्ज्ञ पीटर एलायस यांनी या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली. पेशी या विटा आणि मधला स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यात वजनाने निम्म्याच्या आसपास सिरॅमाइड असतं, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं. (ज्या कोलेस्टेरॉलच्या धास्तीने लेखकाने वरणभातावरचं तूप सोडलं, ते त्याचं कातडं खुशाल वापरत बसलं होतं!) यातलं एखाद-दुसरंच वरून चोपडलं तर खरवडलेली भिंत सावरायला उलट उशीर लागतो, तिन्ही योग्य प्रमाणात पडली तर ती नीट सावरते, असं एलायस यांच्या प्रयोगशाळेत दिसून आलं. बेसनाच्या लाडवाचं गणित चुकलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागू नये.

आता या भिंतीवर साबण. त्वचेचा सामू साधारण पाच, म्हणजे किंचित आंबट. वडीच्या साबणाचा नऊ-दहा. फेस मळासोबत थोडा चुनाही घेऊन जातो आणि कढत पाणी त्याला हातभार लावतं. हिवाळ्यात त्वचेतला हा चुना मुळातच कमी झालेला असतो. मग भिंतीच्या फटींतून आतलं पाणी कोरड्या हवेत निसटतं, पेशींच्या कडा उचलल्या जातात आणि भाच्याला पाटी मिळते.

यावर लेखकाने जो उपाय केला तो कोणताही सुशिक्षित माणूस करेल तसाच होता, म्हणजे चुकीचा. अंग खडखडीत पुसून, चहा पिऊन, पेपर वाचून झाल्यावर त्याने नडगीला तेल चोळलं. नडगी चकाकली, पँटला डाग पडले, आणि दुपारपर्यंत पाटी पुन्हा वापरात आली.

अमेरिकेतल्या अर्व्हिन ब्लँक यांनी 1952 साली हा घोळ निस्तरला होता. त्यांनी घट्ट्याचं वाळकं, कडक कातडं घेतलं आणि तेलात ठेवून पाहिलं. ते कडकच राहिलं. पाणी मिळालं तेव्हा मात्र मऊ पडलं. म्हणजे कातडं मऊ करतं ते पाणी. तेलाचं काम झाकणाचं. रिकाम्या रांजणावर झाकण ठेवून लेखक तहान भागायची वाट पाहत होता.

सावंतवाडीच्या मावशीने ब्लँकचं नावही ऐकलेलं नाही. फोनवर सगळी कहाणी ऐकून ती एवढंच म्हणाली, "वल्या आंगार तेल लाय रे. सुकल्यावर लावन काय उपेग?" शिवाय टाचांच्या भेगांसाठी तिने कोकमाच्या बियांचं तेल धाडलं. ते गार हवेत दगडासारखं घट्ट असतं. जरा गरम करून भेगेत भरायचं. टाचांनाच ही खास वागणूक का, याचं कारण आहे. तळपायाला आणि तळहाताला तैलग्रंथीच नसतात. कपाळावर भजी तळता येतील एवढं तेल सुटणाऱ्या माणसाच्याही टाचा त्या बाबतीत कोरडवाहू.

तरी तैलग्रंथींना फार भाव देऊ नये. लहान मुलांत त्या वयात येईपर्यंत जवळपास झोपलेल्या असतात, आणि भाच्याचे गाल तर लोण्यासारखे. पाणी धरून ठेवण्याचं मुख्य काम त्या भिंतीतल्या चुन्याचंच.

लेखकाने पाणी कोमट केलं, साबण काखा-जांघा-पावलांपुरता ठेवला आणि टॉवेलने अंग नुसतं टिपून ओलेपणीच खोबरेल लावायला घेतलं. ही भिंत दोनेक आठवड्यांत नवी होते. त्यानंतरच्या रविवारी भाचा नख परजून आला. त्याने तीनदा रेघ ओढली. तिन्ही वेळा काही उमटलं नाही. "मामा, तू बिघडलास," तो म्हणाला.

वय वाढतं तसा त्वचेतला हा चुना कमी होत जातो. भाच्याला हे कोणी सांगितलेलं नाही, पण सध्या फुली-गोळ्याचे डाव आजोबांच्या नडगीवर रंगतात.