बंदोबस्त

माणसाने आयुष्यात एक तरी गोष्ट जिवापाड जपावी. कुणी जुनी नाणी जपतं, कुणी जुनी भांडणं. मी शेल स्क्रिप्ट्स जपतो.

त्यांचं काम साधं. घरातले दस्तऐवज ‘टार’ने एका गठ्ठ्यात बांधायचे, ‘जीझिप’ने दाबायचे आणि ‘जीपीजी’ने कुलूपबंद करायचे. हा क्रम मोडायचा नाही. जीझिप जगतं पुनरुक्तीवर, आणि कूटबद्ध फाइलीत पुनरुक्ती औषधालाही सापडत नाही. आमच्या सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं मात्र अप्रतिम दाबली जातात.

कुलूप एईएस-२५६ जातीचं. दोन बेल्जियन गृहस्थांनी रचलेलं हे तंत्र अमेरिकी सरकारने २००१ साली प्रमाण मानलं. त्याच्याआड माझी वीजबिलं आहेत, गॅसजोडणीची पावती आहे आणि मेव्हण्याच्या लग्नातले फोटो आहेत, ज्यांत मी फक्त जेवताना दिसतो. जगातले सगळे संगणक जुंपले तरी हे फोटो बाहेर पडायचे नाहीत. मेव्हण्याकडे ते चहाबरोबर दाखवले जातात, ही गोष्ट वेगळी.

स्क्रिप्ट लिहिणं सोपं, नांदवणं कठीण. लिनक्सवर गुण्यागोविंदाने राहणारी स्क्रिप्ट मॅकवर गेली की कुरकुरते. तिथला टार बीएसडी घराण्याचा, त्याच्या चालीरीती निराळ्या. जुन्या फाइलींना मी ज्याचं कुलूप लावत असे, त्या ओपनएसएसएलने तर २०१६ साली १.१.० आवृत्तीत पासवर्डापासून किल्ली घडवताना गृहीत धरायची पद्धतच बदलली. एमडी५ गेलं, एसएचए-२५६ आलं. तेव्हापासून जुन्या फाइली अचूक पासवर्ड देणाऱ्या मालकालाही दारातूनच परत पाठवतात. गावाकडे आजोबांचं नाव सांगावं तशी जुनी पद्धत नावानिशी सांगितली, की मग ओळख पटते.

म्हणून जुन्या फाइलींसाठी जुन्या स्क्रिप्ट्स ठेवाव्या लागतात. त्या हरवू नयेत म्हणून त्यांचाही गठ्ठा बांधावा लागतो. कुठली स्क्रिप्ट कशासाठी, याचं सविस्तर टिपणही मी लिहिलं आहे. असं टिपण उघड्यावर ठेवणं बरं नव्हे, म्हणून तेही त्याच गठ्ठ्यात, कुलपाआड.

“चोराला यातलं काय हवंय?” ही म्हणते.

“प्रश्न चोराचा नाही, तत्त्वाचा आहे,” मी म्हणतो. कुलपाचा शोध चोरासाठी लागला असेल. अनुभव मालकालाच येतो.

परवा मुलाने विचारलं, “बाबा, पुढे हे सगळं माझंच ना? मग मला नक्की काय मिळणार?”

“पासवर्ड.”

“आणि आत काय आहे?”

“तो कुठे टाकायचा, ते.”